बंद खोलीचं दार : गूढ कादंबऱ्यांची गोडी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मुलुंडच्या महिला बचत गटांकडून दर वेळी आम्ही इथे बचतीचं, कर्जाच्या हप्त्याचं, नाहीतर घरगुती उद्योगाचं बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. आज पुस्तकांबद्दल बोलायचंय, आणि पुस्तकांतसुद्धा अशा, जी रात्री एकटीने वाचताना मागे वळून बघावंसं वाटतं. म्हणजे गूढ कादंबऱ्या.

काही जणी म्हणतील, बचत गटाचा आणि भुताखेताच्या पुस्तकांचा काय संबंध? संबंध आहे. ऐकत राहा.

आमच्या गटांत महिन्याची बैठक असते. हप्ते जमा होतात, पासबुकं भरली जातात, कोणाला कर्ज द्यायचं ते ठरतं. ते झालं की अर्धा तास वाचन. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सुरुवातीला आरोग्याच्या पुस्तिका वाचल्या, योजनांची माहितीपत्रकं वाचली. बायका ऐकायच्या, पण डोळे घड्याळाकडे. मग एकदा गूढकथा वाचली, आणि वेळ संपली तरी कोणी उठेना. स्वयंपाकाला उशीर झाला तरी चालेल, पण त्या खोलीत काय आहे ते कळल्याशिवाय जायचं नाही, असं सगळ्यांचं झालं. तेव्हापासून आम्ही विचार करतोय, या गोष्टींमध्ये एवढं काय आहे?

आधी गूढ कादंबरी म्हणजे काय ते पाहू. साहित्य तेच ते असतं. एक जुनं, मोठं घर. वाडा म्हणा, गढी म्हणा, डोंगरावरचा बंगला म्हणा. त्या घरात नव्याने आलेली एक बाई. ती सून असेल, नोकरीला आलेली असेल, नाहीतर आईबाप गेलेली पोरकी मुलगी असेल. घरात एक खोली बंद. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. रात्री पावलं वाजतात. घरातल्या माणसांना काहीतरी ठाऊक आहे, पण विचारलं की विषय बदलतात. आणि ती नवी आलेली बाई हळूहळू शोधत जाते.

ऐकताना ओळखीचं वाटलं ना? नव्या घरात गेलेली, तिथली रीत माहीत नसलेली, काही विचारलं की "तुला काय करायचंय" असं ऐकून घेणारी बाई आपल्यातल्या कोणाला माहीत नाही? वाडा परदेशातला असला तरी ती बाई आपल्या वळणाची आहे. म्हणूनच ही पुस्तकं पहिल्यापासून बायकांनी उचलून धरली.

या प्रकाराची सुरुवात इंग्लंडात झाली असं मानतात. १७६४ मध्ये होरेस वॉल्पोल नावाच्या गृहस्थाने एका किल्ल्याची भयंकर गोष्ट लिहिली. पण या गोष्टींना घराघरांत नेलं ते अ‍ॅन रॅडक्लिफ या बाईने. तिची 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' ही कादंबरी १७९४ मध्ये आली आणि तिला त्या काळात पाचशे पौंड मिळाले. बाईला लिहिण्याचे एवढे पैसे मिळणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पुस्तकं महाग होती, म्हणून लोक वर्गणी भरून वाचनालयातून आणायचे, आणि त्या वाचनालयांच्या वाचकांत बायका खूप होत्या.

उडोल्फोची गोष्ट थोडक्यात सांगतो. एमिली नावाची मुलगी. आईवडील वारलेले. आत्या सांभाळते, पण आत्या मोंटोनी नावाच्या माणसाशी लग्न करते, आणि तो दोघींना दूर डोंगरातल्या किल्ल्यात घेऊन जातो. किल्ला भयाण. एका खोलीत काळ्या पडद्याआड काहीतरी आहे. एमिली पडदा बाजूला करते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिलं, हे वाचणाऱ्याला शेकडो पानं कळत नाही.

पण मैत्रिणींनो, त्या किल्ल्यातली खरी भीती पडद्यामागे नाही. त्या मोंटोनीला बायकोची इस्टेट हवी आहे. कागदावर सही कर म्हणून तो तिच्या मागे लागतो. ती नाही म्हणते, तर तिला कोंडून ठेवतो. त्यातच ती मरते. मग तो एमिलीच्या मागे लागतो, तू सही कर. पडद्यामागे काय होतं? शेवटी कळतं, तो मेणाचा पुतळा होता. रॅडक्लिफबाईंची ही खुबीच होती. भूत वाटलं त्याचं साधं कारण त्या शेवटी सांगायच्या. भूत खोटं निघतं, पण सही मागणारा माणूस खराच असतो.

आम्ही हे गटात सांगितलं तेव्हा एक ताई पटकन म्हणाल्या, "म्हणजे हक्कसोडपत्र की हो!" बरोबर ओळखलं त्यांनी. भाऊबीजेला साडी देऊन बहिणीचा अंगठा घेतात, तोच हा कागद. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या बाईने लिहिलेली गोष्ट आपल्या ताईला एका शब्दात कळली. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाएवढाच जन्मापासून हक्क दिलाय. कायदा आहे, पण कागद समोर आला की हात थरथरतो. एमिलीचाही थरथरतो. आणि वाचणारी प्रत्येक बाई मनात म्हणते, करू नकोस गं सही.

आता दुसरी गोष्ट. १८४७ मध्ये 'जेन एअर' नावाची कादंबरी आली. लिहिणारी शार्लट ब्राँटे, पण पुस्तकावर नाव घातलं 'करर बेल'. बाईचं नाव दिसू नये म्हणून घेतलेलं टोपणनाव. यातली जेन ही पोरकी, गरीब मुलगी. एका मोठ्या घरात लहान मुलीला शिकवायला राहते. वरच्या मजल्यावरून रात्री कोणीतरी हसल्याचा आवाज येतो. एकदा मालकाच्या बिछान्याला आग लागते. विचारलं तर एका नोकराणीचं नाव सांगतात. पुढे मालकाचं आणि जेनचं लग्न ठरतं, आणि नेमकं लग्नाच्या वेळी उघड होतं की मालकाची पहिली बायको जिवंत आहे. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि तिला वरच्या खोलीत कोंडून ठेवलंय.

जेन काय करते? प्रेम असूनही ती निघून जाते. खोटेपणावर संसार मांडायचा नाही म्हणते. त्या काळात खिशात पैसे नसलेली एकटी मुलगी असं करते, म्हणून लोकांना ती इतकी आवडली.

पण कोंडलेल्या बाईचं काय? तिला कादंबरीत बोलायलाच मिळत नाही. पुढे जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, १९६६ मध्ये, जीन ऱ्हिस या लेखिकेने त्या पहिल्या बायकोची गोष्ट वेगळी कादंबरी करून लिहिली. ती मुलगी होती तेव्हा कशी होती, तिला परक्या देशात कसं आणलं, तिचं नावसुद्धा नवऱ्याने कसं बदललं. एका पुस्तकातल्या बंद खोलीचं दार दुसऱ्या बाईने दुसऱ्या पुस्तकात उघडलं. पुस्तकं वाचणाऱ्यांना या गोष्टींची एवढी गोडी लागते त्याचं हेही एक कारण आहे. पुस्तक संपलं तरी प्रश्न संपत नाहीत.

नाव बदलण्यावरून तिसरी गोष्ट सांगतो. डॅफ्नी दु मॉरिए हिची १९३८ मधली 'रेबेका'. साधीसुधी मुलगी एका श्रीमंत विधुर माणसाशी लग्न करून त्याच्या मोठ्या घरात जाते. घरभर पहिल्या बायकोच्या आठवणी. तिचे कपडे तसेच, तिची खोली तशीच. घर सांभाळणारी मिसेस डॅन्व्हर्स पदोपदी सुचवते की तू तिच्या पायाच्या धुळीचीही नाहीस. आणि गंमत बघा, जी मेली आहे तिचं नाव पुस्तकाला दिलंय, आणि जी गोष्ट सांगते आहे त्या नव्या सुनेचं नाव अख्ख्या कादंबरीत एकदाही येत नाही.

आपल्याकडे लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात. माहेरचं नाव पुसलं जातं. मग सूनबाई, मग वहिनी, मग अमक्याची आई. बचत गटाच्या पासबुकावर स्वतःचं नाव छापून आलं तेव्हा आमच्या काही सदस्या ते बोट ठेवून वाचत होत्या. त्यांना 'रेबेका' समजावून सांगावी लागली नाही.

ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलेलीसुद्धा असेल. १९६४ चा 'कोहरा' हा हिंदी सिनेमा याच कादंबरीवरून केलेला. वहिदा रेहमान नवी सून, आणि घर सांभाळणारी ती धाक घालणारी बाई म्हणजे आपल्या ललिता पवार. त्याच वर्षी मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. त्यावरूनच पुढे १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' झाला. म्हणजे ही आवड शहरातल्या शिकलेल्यांचीच आहे असं नाही. तंबूतल्या सिनेमापर्यंत ती पोचली होती.

आता आपल्या मराठी पुस्तकांकडे वळू. रहस्यकथा म्हटलं की पहिलं नाव बाबूराव अर्नाळकरांचं. १९०६ ते १९९६ हा त्यांचा काळ. हजाराहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या त्यांनी. झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसं घराघरांत माहीत होती. छोटी, स्वस्त पुस्तकं, भाड्याने मिळायची, एका हातातून दुसऱ्या हातात जायची. कित्येकांना वाचनाची सवयच त्या पुस्तकांनी लागली. शाळा सुटलेल्या माणसाला पुस्तक धरायला लावणं सोपं काम नाही.

मग आले नारायण धारप. जन्म १९२५, निधन २००८. 'लुचाई', 'ग्रहण', 'चेटकीण', '४४० चंदनवाडी' अशी त्यांची पुस्तकं वाचनालयात कधी जागेवर सापडायची नाहीत. धारपांची पद्धत अशी की सुरुवात अगदी साध्या घरात होते. नोकरी करणारा माणूस, त्याची बायको, मुलं, भाड्याचं घर. मग एक छोटीशी गोष्ट बिनसते. इतकं साधं की वाचणाऱ्याला वाटतं, हे आपल्याही घरात होऊ शकतं. २०१८ मध्ये 'तुंबाड' नावाचा सिनेमा आला. कोकणातला पाऊस, पडका वाडा आणि सोन्याची हाव. तो दिग्दर्शकाला सुचला धारपांच्या एका गोष्टीवरून. त्यातला राक्षस भयंकर आहेच, पण बाप मुलालाही तीच हाव शिकवतो, ते पाहताना जास्त भीती वाटते.

आणि रत्नाकर मतकरी. १९३८ ते २०२०. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'कबंध', 'निजधाम' हे त्यांचे कथासंग्रह. टीव्हीवर 'गहिरे पाणी' ही त्यांच्या कथांवरची मालिका ज्यांनी पाहिली त्या अजून आठवण काढतात. मतकरींच्या गोष्टीत भूत असेलच असं नाही. माणसाच्या मनातला मत्सर, अपराधी भावना, एकटेपणा, यांतूनच भीती तयार होते. हेच मतकरी मुलांसाठी नाटकं करायचे. आमच्या मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे लागतं. तिथल्या वस्त्यांमधल्या मुलामुलींसाठी त्यांनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. मुलांनी आपल्याच जगण्यावर नाटकं बसवायची आणि करायची. माणसाच्या मनातला अंधार लिहिणाऱ्याने वस्तीतल्या मुलांना उजेडात उभं केलं. यात आम्हाला काही विसंगत वाटत नाही.

अलीकडचं सांगायचं तर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका. २०१६ मध्ये सुरू झाली. कोकणातला नाईकांचा वाडा, अण्णांचा मृत्यू, आणि मग एकेक गोष्ट बाहेर येत जाते. तिच्या वेळेला आमच्या वस्तीत सगळ्या घरांतून एकच आवाज यायचा. पण पाहताना बायका भुताबद्दल कमी बोलायच्या. जमीन कोणाच्या नावावर आहे, कोणाला काय माहीत होतं, कोण गप्प बसलं, यावर जास्त बोलायच्या.

आता मूळ प्रश्न. घाबरायला कोणाला आवडतं? मग या पुस्तकांची गोडी का लागते?

आम्हाला सुचलेलं पहिलं कारण असं. पुस्तकातल्या भीतीला शेवट असतो. आयुष्यातल्या भीतीला तो नसतो. पोराला नोकरी लागेल का, नवरा दारू सोडेल का, पाऊस पडेल का, ही भीती रोज उशाला असते. पुस्तकातली भीती मात्र शेवटच्या पानावर संपते. मिटलं की बाजूला ठेवता येतं. धडधडणाऱ्या छातीने वाचायचं आणि मग घोटभर चहा पिऊन हसायचं, यात एक सुटका आहे. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं. पोटात गोळा येतो, पण पाळणा खाली येणार हे माहीत असतं.

दुसरं कारण, या पुस्तकांत वाचणारीला काम असतं. दिवा कोणी विझवला? चावी कोणाकडे होती? म्हातारी खोटं का बोलली? आपण पानापानावर हिशेब मांडतो. गटाचा हिशेब तपासताना पन्नास रुपये कमी आले की आपण मागची पानं उलटतो, तसंच. आमच्या गटात ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांतल्या दोघी गूढकथेचा शेवट सगळ्यात आधी ओळखतात. बोललेलं लक्षात ठेवायची त्यांना सवय आहे. अक्षर येत नाही म्हणजे अक्कल नाही, असं समजणाऱ्यांनी एकदा आमच्या बैठकीला यावं.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात मोठं वाटतं. गूढ कादंबरीत दडवलेलं बाहेर येतं. ज्याचं तोंड बंद केलं, त्याची गोष्ट शेवटी कोणीतरी ऐकतंच.

आपल्या गावाकडच्या भुतांची नावं आठवून बघा. मुलुंडमध्ये कोकणातून, घाटावरून, खानदेशातून आलेल्या बायका आहेत, त्यामुळे आमच्याकडे नावांना तोटा नाही. अळवंत आणि हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा नंतर थोड्याच दिवसांत गेलेली बाई. जखीण म्हणजे नवरा मागे ठेवून गेलेली सवाष्ण. लावसट म्हणजे विधवा. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाआधी गेलेला मुलगा. गावागणिक अर्थ थोडा बदलतो. पण बघा, बाळंतपणात गेलेल्या बाईची एवढी भुतं का? कारण बाळंतपणात तेवढ्या बायका जात होत्या. घरातून ती गेली, नवऱ्याचं दुसरं लग्न झालं, तिचं नाव कोणी काढेना. पण चिंचेखाली उभी असलेली बाई म्हणून ती गोष्टीत राहिली.

परदेशातही तसंच. 'फ्रँकेन्स्टाइन' ही राक्षसाची प्रसिद्ध कादंबरी लिहिणारी मेरी शेली. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याच्या धुराळ्याने १८१६ चा उन्हाळा युरोपात थंड आणि पावसाळी गेला. जिनिव्हाच्या तळ्याकाठी मित्रमंडळी घरात अडकली, आणि प्रत्येकाने एक भुताची गोष्ट रचायची असं ठरलं. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. तिने रचलेली गोष्ट १८१८ मध्ये छापली गेली, पहिल्यांदा तर लेखिकेचं नाव न घालताच. तिच्या जन्मानंतर दहा-अकरा दिवसांत तिची आई बाळंतज्वराने वारली होती, आणि गोष्ट रचण्याच्या आदल्या वर्षी तिचं स्वतःचं तान्हं बाळ गेलं होतं. मेलेल्यात जीव आणणाऱ्या माणसाची गोष्ट तिला का सुचली असेल, ते बायकांना वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत सगळं बरं आहे. पण आता जी गोष्ट बोलायची ती जरा कठीण आहे.

वाचनाला गूढकथा घेतली तेव्हा आमच्यातल्याच काही जणींनी हरकत घेतली. "अशानं अंधश्रद्धा वाढते," त्या म्हणाल्या. हरकत खोटी नाही. काही पुस्तकं, काही मालिका अशा असतात की त्यांत विधवा, मूल नसलेली किंवा एकटी राहणारी बाईच चेटकीण निघते, आणि मांत्रिक येऊन घर वाचवतो. हे पुस्तकात राहत नाही. आपल्याच राज्यात करणी केली म्हणून बायकांना मारहाण झालेली आहे, गावाबाहेर काढलेलं आहे. जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे, अशा एकट्या बाईवर आळ घेणं सोपं असतं. मोंटोनीने किल्ल्यात कोंडलं, इथे चेटकीण म्हणतात. हवी असते ती जमीनच.

म्हणून आम्ही गटात एक रीत ठेवली. गोष्ट वाचायची, भ्यायचं, आणि मग तीन प्रश्न विचारायचे. या गोष्टीत कोणावर आळ आला? त्यात कोणाचा फायदा झाला? आणि कोणाला बोलूच दिलं नाही? हे तीन प्रश्न विचारले की चांगली गूढकथा आणखी चांगली वाटते, आणि वाईट गूढकथेचा पोकळपणा लगेच दिसतो. ज्या बाईला पुस्तकात हे प्रश्न विचारायची सवय लागते, ती गावात कोणी "हिला बाहेरचं लागलंय" म्हणालं तर तिथेही विचारते.

आणि विचारायलाच हवं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, दोरीने किंवा साखळीने बांधणं, कोणाला करणी करणारी ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं, हे सगळं या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि दंडही आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

'जेन एअर'मधल्या वरच्या खोलीतल्या बाईसारखी बाई आपल्या आसपासही असते. मन बिघडलेली म्हणून खोलीत कोंडलेली, नाहीतर अमावास्येला कुठल्या ठाण्यावर नेलेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला साफ मनाई केली आहे. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. नंबर पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा. घरात मारहाण होत असेल तर महिला मदतीचा नंबर १८१. दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात हे कसं सुरू करायचं? खर्च काही नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, आणि त्याखाली पुष्कळ गावांत शासनमान्य वाचनालयं आहेत. आमच्याकडे मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे. तुमच्या गावात नाहीतर जवळच्या बाजारगावात चौकशी करा. गटातल्या एकीच्या नावे वर्गणी भरली तरी पुस्तक सगळ्यांना पुरतं.

पहिल्यांदा कादंबरी घेऊ नका, कथासंग्रह घ्या. वीस-पंचवीस मिनिटांत संपेल अशी एक कथा निवडा. जी वाचणार आहे तिने घरी आधी एकदा वाचून यावं, म्हणजे अडखळायला होत नाही. वाचताना घाई करू नका, जिथे शांतता आहे तिथे थांबा. शेवटच्या दोन पानांआधी पुस्तक मिटा आणि प्रत्येकीला विचारा, तुला काय वाटतं? जी कधी बैठकीत बोलत नाही, तिला आधी विचारा. मग उरलेलं वाचा. लहान मुलं मांडीवर असतील त्या दिवशी फार भयंकर कथा नको. आणि ज्या बाईच्या घरात नुकतंच कोणी गेलंय, तिला विचारल्याशिवाय मरणाची गोष्ट वाचू नका. तेवढं भान हवं.

अजून एक. वाचून झालं की गावाकडच्या गोष्टी निघतातच. आमच्या आजीने सांगितलेली, विहिरीजवळची, वडाखालची. त्या लिहून ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, आजी बोलेल तसं वहीत उतरवून घे. त्या गोष्टींत आपल्या घरातल्या, नाव न राहिलेल्या बायका आहेत. कोण होती, कशी गेली, कोणी दडवलं, हे विचारताना कदाचित तुमच्याच घरातली एखादी खोली उघडेल.

आमच्या गटाने पुढच्या बैठकीसाठी मतकरींचा एक संग्रह आणून ठेवलाय. तुम्ही कुठलं पुस्तक वाचलंत ते आम्हाला केंद्राच्या पत्त्यावर पत्राने कळवा, नाहीतर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. गूढकथेचा शेवट मात्र सांगू नका. तो आम्हालाच शोधू द्या.